साहेबांची सवय असलेला डबा

माझे वडील नाशिकला अंबडच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार होते. कंत्राटी म्हणजे काय, ते आम्हा मुलांना दिवाळीत कळायचं. कायम कामगारांना मिठाईचा खोका आणि वर एखादं भांडं. कंत्राटींना नुसती सोनपापडी. काही महिने काम, मग ‘ब्रेक’, मग बोलावणं आलं तर आलं. ब्रेक लागला की आमच्या सिडकोतल्या खोलीत भाजी बंद व्हायची आणि आईची पोळ्या लाटायची घरं दोनाची पाच व्हायची.

म्हणून दिवाळीत आईवडिलांचं एकच मोठं काम असायचं, सुपरवायझर साहेबांच्या घरी चिवडा पोचवणं. त्यासाठी आईचा लग्नातला स्टीलचा डबा ठरलेला. घट्ट झाकणाचा, पोटावर मशीननं कोरलेलं, ‘मामाकडून सप्रेम भेट’. मामा म्हणजे आईचा मामा, घोटीचा, भाताच्या गिरणीवाला. या डब्यानंतर त्यानं आम्हाला जन्मात काही दिलं नाही.

डबा दिला की खरी वाट बघणं सुरू. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. साहेबांकडून काय येतं त्यावर आई पुढचं वर्ष सांगायची. एकदा रव्याचे लाडू आले, वडील वर्षभर कामावर. एकदा डबा रिकामा आला, तोही न घासता. संक्रांत झाली आणि ब्रेक. तेव्हापासून त्या डब्यावर आईचा जेवढा विश्वास, तेवढा कुठल्या ज्योतिषावर नाही.

मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी कुणी न विचारताही सांगते. मग थायलंडमधल्या एका गावात, शाळेत इंग्रजीतून गणित शिकवायची नोकरी लागली. गल्लीत पेढे वाटून झाल्यावर वडिलांनी हळूच विचारलं, “कायम हायेस ना?”

“एक वर्षाचा करार आहे. पुढचं प्रिन्सिपल मॅडम ठरवतात. फेब्रुवारीत सांगतात.”

“म्हणजे ब्रेक फेब्रुवारीत,” वडील म्हणाले आणि पेढा खाली ठेवला.

ऑक्टोबरच्या सुट्टीत मी दिवाळीला घरी आले. परत निघताना आईनं बॅगेत चिवड्यानं गच्च भरलेला तोच डबा ठेवला.

“आई, अगं नवा घेऊ ना एखादा. परदेशात द्यायचाय.”

“नवा कशाला? हाच दे,” वडील मधेच म्हणाले. “याला साहेब लोकांची सवय हाये.”

मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन मी दोन्ही हातांनी डबा दिला. त्यांनी हात जोडले, छान हसल्या आणि डबा तसाच मागच्या टेबलावर ठेवला. मी उभीच. आपल्याकडे कसं, झाकण उघडायचं, चिमूटभर तोंडात टाकायचं, “वा, खमंग झालाय” म्हणायचं, मग देणारा मोकळा. इथं मॅडम माझ्याकडे बघतायत, मी डब्याकडे. शेवटी त्यांनी काळजीनं विचारलं, “काही अडचण आहे का?” मी नाही म्हणून बाहेर आले.

माझ्या शेजारी बसणारी सायन्सची बाई फिलिपिन्सची. तिथं मुरलेली. ती म्हणाली, “देणाऱ्यासमोर भेट उघडायची नसते इथं. हावरटपणा दिसतो. घरी नेतील आणि खातील.”

“मग डबा कधी परत देतील?”

“कसला डबा?”

मी तिला सगळं समजावलं. लाडू, साखर, न घासलेला डबा, ब्रेक, सगळं. ती पोट धरून हसली. “म्हणजे तू बॉसला भेट दिलीस आणि आता भांडं परत मागतेयस?”

“मागत नाहीये. वाट बघतेय.”

नाशिकमध्येही वाटच बघत होते. दर रविवारी फोन. तब्येत विचारायच्या आधी आईचा प्रश्न, “आला का गं डबा?”

“नाही आला.”

“लय दिवस झाले. काय बाई म्हणावं की कोण!”

मागून वडिलांचा आवाज, “रिकामा आला तरी सांग गं. निदान कळंल तरी.”

पंचाईत अशी की लाडू आले तर काय आणि रिकामा आला तर काय, हे आईला पाठ होतं. पण डबा आलाच नाही तर काय, याचा अनुभव आमच्या घरात कुणालाच नव्हता.

डिसेंबर संपत आला आणि तिथल्या नव्या वर्षाच्या भेटी सुरू झाल्या. चकचकीत कागद लावलेल्या मोठमोठ्या टोपल्या घेऊन सगळे शिक्षक मॅडमच्या केबिनबाहेर रांगेत. सायन्सच्या बाईनं मलाही एक टोपली घ्यायला लावली. बिस्किटं, ज्यूसच्या बाटल्या, वर लाल फीत. द्यायची, फोटो काढायचा, निघायचं. टोपल्यांचा ढीग लागला, आणि एकही टोपली परत येताना दिसेना. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इथं भांडं हा भेटीचाच भाग.

“आई, इथं टोपलीसकट देतात गं.”

“मग टोपलीच द्यायचीस की! माझा डबा कशाला दिलास?”

आणि फेब्रुवारीत बोलावणं आलं. मी आत गेले आणि थबकले. काचेच्या कपाटात, फुटबॉलच्या दोन ढालींच्या मधोमध, आमचा डबा! असा घासलेला की आईच्या हातीसुद्धा कधी इतका चमकला नव्हता.

मॅडम उठल्या, डबा काढला, कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. “कधीपासून विचारायचंय. हे काय लिहिलंय?”

खोटं कशाला सांगू? सांगितलं. मामाकडून, प्रेमानं, भेट.

मॅडमचा चेहरा एकदम विरघळला. “तुझ्या मामांनी माझ्यासाठी खास कोरून घेतलं?”

मी खुलासा करायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांच्या टेबलावरचा कराराचा कागद दिसला. मी तोंड मिटलं.

“खाऊ आमच्याकडे एका संध्याकाळीत संपला,” त्या म्हणाल्या. “नातवानं तळाचे शेंगदाणेसुद्धा सोडले नाहीत. पुढच्या दिवाळीला आणशील ना?”

“पुढच्या दिवाळीला मी इथं असेन?”

“सही केलीस तर असशील. दोन वर्षांचा आहे, नीट वाचून कर.”

मी सही आधी केली, वाचलं नंतर. निघताना त्यांनी माझ्या हातात केळ्याच्या वेफर्सनं भरलेला प्लास्टिकचा डबा ठेवला. मामांसाठी.

घरी फोन केला. आईनं पहिल्यांदा वेफर्सचं विचारलं, मग कराराचं. डबा कपाटात बसलाय म्हटल्यावर म्हणाली, “बसू दे. माझ्या फळीवर तरी काय करत होता?” वडिलांनी फोन हातात घेतला आणि दोनदा विचारलं, “दोन वर्षं ना? मधे ब्रेक नाही?”

सुट्टीत घरी आले तेव्हा घोटीच्या मामाला वेफर्सचा डबा दिला आणि खरंच सगळं सांगितलं. तो आता गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो की त्याचा डबा फॉरेनच्या शाळेत ठेवलाय. वेफर्समधला एकही त्यानं आम्हाला दिला नाही.

मॅडमचा प्लास्टिकचा डबा मात्र आईनं मामाकडून मागून आणला, आणि पुढच्या दिवाळीला त्यातच चिवडा भरून दिला. रिकामा परत करायचा नसतो ना.

त्यानंतर करार आणखी एकदा वाढला. आता मला तिथं चौथं वर्ष चालू आहे. आमच्या घरात एकदाही ब्रेक न लागता सलग नोकरी केलेली मी पहिली.