बिनमालकाचा खेळ

उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यात माझे वडील, संगप्पा, तुरीचा दाणा दाताखाली फोडल्याशिवाय भाव बोलत नाहीत. मी घरी बसून एका कॉम्प्युटर गेममधली चूक दुरुस्त केली आणि जर्मनीहून चाळीस हजार आले. तो गेम सगळ्यांना फुकट असतो, त्याचा कोडही कुणालाही उघडून बघता येतो, चूक दुरुस्त करणाऱ्याला मात्र बक्षीस मिळतं.

"मालक कोण हाय त्याचा?" अप्पांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"मग पैसे कोण द्यायलंय?"

"खेळणारेच वर्गणी काढतात."

अप्पांचा चेहरा उतरला. वर्गणी देवळाला देतात, एवढंच त्यांना ठाऊक. त्या दिवसापासून अनोळखी नंबर दिसला की ते फोन उशीखाली दाबून ठेवत. दाराशी मोटारसायकल थांबली की मला आतल्या खोलीत पाठवत. त्यांना बघून मलाही धडकी भरायला लागली.

सोमवारी ते मला न विचारता बँकेत गेले आणि पोरीच्या खात्यात कुणाचे तरी पैसे आलेत, चौकशी करा, असा अर्ज देऊन आले. बुधवारी बँकेनं माझं खातं गोठवलं.

मी त्यांना बँकेचा मेसेज दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

"बघ सुकन्या," ते म्हणाले, "म्हणलं होतं ना, त्या पैशात खोट हाय."