बोंबलाचं गाव

माझी आई चांगुणा घोटीच्या शनिवारच्या बाजारात सुके बोंबील आणि सुकट विकायची. वडील गेल्यावर तिनं हे काम धरलं आणि त्यावरच मला, तिच्या लेकीला, मॅट्रिक केलं. समुद्र तिनं पाहिला नव्हता. गिऱ्हाईक विचारी, "कुठला माल?" आई म्हणे, "मोऱ्याचा." व्यापारी तसं सांगायचा, एवढंच तिला माहीत.

१९७९ साली मला एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कारकुनाची नोकरी लागली. मी विचारलं, "आई, तुला लुगडं घेऊ?"

"लुगडं राहू दे. मोरा दाखव. वीस वर्सं नाव घेते, गाव कसं हाय ते ठावं नाय."

जानेवारीत निघालो. मुंबईत मामाकडे मुक्काम केला आणि सकाळी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचमध्ये बसलो. लाँच हलली तशी आईनं एका हातानं बाक धरला, दुसऱ्यानं माझं मनगट. सबंध वाटेत पाण्याकडे बघितलं नाही. समोरच्या कोळणीच्या रिकाम्या टोपलीवर नजर लावून बसली.

मोरा हे जुनं बंदर. दगडी धक्का, कौलारू घरं, आणि मोकळ्या जागेत बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, दोन-दोन, तोंडात तोंड अडकवून. आई तिथंच उभी राहिली. एक म्हातारी कोळीण बोंबील अडकवत होती. नवसाबाई तिचं नाव.

"कुठशी आयलीस गो बाय?"

"घोटीहून. नाशकाकडून. तुमचे बोंबील मी विकते."

नवसाबाईनं हातातलं काम खाली ठेवलं. आम्हाला घरात नेलं, ताजे बोंबील तळून वाढले. आईनं एक घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मऊ, लोण्यासारखा.

"ह्यो बोंबील नाय," ती हळूच म्हणाली.

नवसाबाई इतकी हसली की डोळे पुसावे लागले. "बोंबीलच हाय! सुकला की तुज्या ओलखीचा व्हईल."

मग नवसाबाईनं विचारलं, तिकडे कोण खातं? आईनं सांगितलं: भातलावणीच्या दिवसांत बाया पावसात वाकून असतात, दुपारी बांधावर भाकरीबरोबर भाजलेला बोंबील खातात. त्याच्यावर संध्याकाळपर्यंत वाकून लावणी करतात.

"चालीस वर्सं सुकवतंय," नवसाबाई म्हणाली, "पन कोन खातं, ते सांगाया कुनी आयलं नव्हतं."

दुपारभर दोघींनी मिळून बोंबील अडकवले. आईची बोटं आधी चुकत होती, मग जमलं. मी घड्याळ दाखवून थकले.

परतायच्या वेळी ओहोटी लागलेली. लाँच धक्क्याला येईना, छोट्या होडीतून जायचं होतं आणि होडीपर्यंत गुडघाभर चिखल. आई घाबरली. नवसाबाईनं लुगडं वर खोचलं, आईचा हात धरला.

"चप्पल हातात घे. माज्या पावलावर पाऊल ठेव."

तशा त्या दोघी सावकाश होडीपर्यंत गेल्या. मागे चपला आणि पिशवी घेऊन मी.

त्यांची पुन्हा भेट झाली नाही. आमचं ठरायचं आणि राहून जायचं. पण त्या संध्याकाळी होडी लाँचला लागेपर्यंत नवसाबाई पाण्यातच उभी होती, आणि आई पहिल्यांदाच मान वळवून समुद्राकडे बघत होती.