संकष्टीच्या दिवशी इनातोरी

खरं सांगायचं तर मला कुठेही जायचं नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर आमच्या योकोहामातल्या मसाल्याच्या दुकानात मान वर करायला फुरसत नसते, आणि साठीनंतर माझे गुडघे जिना दिसला की आधीच कुरकुरायला लागतात. पण नानांचं परतीचं विमान आठवड्यावर आलं होतं. नाना म्हणजे माझे थोरले भाऊ. गेल्या वर्षी वहिनी गेल्या, तेव्हापासून मिरजेच्या घरात एकटेच. शेजारी फोनवर सांगायचे, ‘नाना एकवेळ जेवतात, उंबरा ओलांडत नाहीत.’ म्हणून त्यांना इथे आणलं. दरवर्षी दोन महिने तरी आमच्याकडे यावं, एवढंच आमचं मागणं होतं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, “बघितला की जपान. पुरे आता.”

“समुद्र दाखवू त्यांना,” माझी बायको सुलभा म्हणाली. “इमारती बघून कोण परत येतं?”

म्हणून इझू द्वीपकल्पाचा पूर्व किनारा ठरवला. एक रात्र इनातोरी नावाच्या मासेमारीच्या गावात, गरम पाण्याचे झरे असलेल्या जुन्या पद्धतीच्या खानावळ-वजा मुक्कामात. बुकिंग मीच केलं, मोठ्या हुशारीनं. निघायच्या आदल्या संध्याकाळी नाना बॅगेत पंचा ठेवता ठेवता म्हणाले, “उद्या माझी संकष्टी आहे हं.”

मी सुलभाकडे बघितलं, तिनं कॅलेंडरकडे. अशा मुक्कामांत रात्रीचं जेवण सहाला म्हणजे सहाला. चंद्रोदयाशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. आणि आदल्या दिवशी रद्द केलं तर बरेचसे पैसे गेलेच म्हणून समजा.

“तुम्ही कधीपासून धरायला लागलात?” मी विचारलं. “वहिनी धरायच्या.”

“यंदापासून,” नाना म्हणाले आणि चेन ओढून बॅग बंद केली.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं सांगतो. मोठी बॅग बरोबर घेऊ नका. किनाऱ्यावरच्या छोट्या स्टेशनांत लिफ्ट असेलच असं नाही, म्हणून आदल्या दिवशी सामान कुरिअरनं मुक्कामी पाठवावं. आम्हाला हे सुचेपर्यंत उशीर झाला होता, म्हणून बॅग मीच ओढली. योकोहामाहून आतामी, तिथून लोकल गाडीनं खाली दक्षिणेला. साध्या गाडीनं माणशी तीन हजार येनच्या आसपास. जाताना डाव्या बाजूला बसा, समुद्र तिकडे आहे. आम्ही उजवीकडे बसलो, कारण डावीकडच्या सगळ्या खिडक्या भरल्या होत्या.

समोर एक म्हातारं जपानी जोडपं होतं. मला जपानी येतं हे मी चेहऱ्यावर दिसू देत नाही. धंद्यात ही सवय फार उपयोगी पडते. बाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या, “किती ताठ बसलेत ते आजोबा. बघा, शिका जरा.” नवरा म्हणाला, “त्यांना कोणी सारखं टोकत नसेल.” मी नानांना भाषांतर करून सांगणार होतो, पण शेवटच्या वाक्याशी थांबलो.

उपास असणाऱ्यांनी शरद ऋतूत जपानला बेधडक यावं. कोपऱ्यावरच्या दुकानात, सुपरमार्केटात, गरम दगडांवर भाजलेली रताळी मिळतात. वरून काही घातलेलं नसतं. नानांनी आतामी स्टेशनवर एक खाल्लं आणि म्हणाले, “हे मात्र झकास. आपल्याकडे उकडून पाणचट करतात.” पंधरवड्यातलं जपानचं हे त्यांनी केलेलं पहिलं कौतुक.

वाटेत जोगासाकीला उतरलो. लाव्हाचे काळे कडे, खाली आपटणारं पाणी आणि मधल्या खाचेवर झुलता पूल. पुलाला तिकीट नाही, पण स्टेशनपासून अर्धा तास चालावं लागतं आणि येताना चढ आहे, हे कुठल्याही फोटोत दिसत नाही. दुपारी दोननंतर जेवणाची दुकानं बंद होतात, तेव्हा आधी खाऊन घ्या. पूल हलायला लागला तसा मी कठडा धरला. उपाशीपोटी नाना मधोमध उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, “दत्ता, तू दमलास. चल परत.” इतका मोठा खर्च करून आणलेला समुद्र त्यांनी दोन मिनिटांत संपवला.

मुक्कामाच्या मालकीणबाई पन्नाशीच्या, किमोनोतल्या, चटपटीत. शाकाहाराबद्दल मी आधीच फोन केला होता. तुम्हीही करा, पण ‘मांस-मासे नको’ एवढंच सांगून भागत नाही. इथे डाळ-भाजीसुद्धा माशाच्या पाण्यात शिजते, त्याला ‘दाशी’ म्हणतात. ‘दाशीसुद्धा नको’ असं स्पष्ट सांगायचं. त्यांनी समुद्री शेवाळाच्या पाण्यावर सगळं वेगळं केलं होतं. आणि आता मी त्यांना सांगत होतो की ज्यांच्यासाठी केलं, ते सहाला जेवणारच नाहीत.

“तब्येत बरी नाही का?” त्यांनी घाबरून विचारलं.

“तब्येत उत्तम आहे. चंद्र उगवेपर्यंत ते जेवत नाहीत.”

“चंद्र बघायचाय?”

“बघायचा, नमस्कार करायचा, मग जेवायचं.”

“स्वयंपाकघर सातला बंद होतं,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “समोरचा मोठा गच्चीवजा व्हरांडा पूर्वेला आहे. ताटं तिथे झाकून ठेवते.” नानांना खाली बसायला त्रास होईल म्हणून मी खुर्ची मागितली होती, तीही त्यांनी तिथे ठेवली. नाना मांडी घालून खाली बसले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

सुलभाला नानांनी बळंच जेवायला बसवलं. मी थांबलो. भक्ती वगैरे काही नाही, नानांना एकट्यानं जेवायला लावणं बरं वाटेना. साडेसात झाले. समुद्रावर ढग.

“पंचांगातली वेळ झाली की चालतं,” मी म्हणालो. पोटात कावळे ओरडत होते.

“तिला नाही चालायचं,” नाना म्हणाले. “ती गच्चीत उभी राहायची. मी खाली जेवून, टीव्ही लावून बसलेला असायचो. वरून ओरडून सांगायची, ‘अहो, आला हो!’ मी म्हणायचो, ‘रोजच येतो.’”

तेवढ्यात मालकीणबाई एक बशी घेऊन आल्या. चंद्र बघायच्या दिवसांत इथे तांदळाच्या पिठीचे पांढरे गोळे वाहतात. ते दिवस सरले होते, पण खालच्या दुकानातून त्यांनी आणले. त्या आमच्याशेजारी उभ्या राहिल्या. ढगाखालून पाण्यावर आधी तांबूस पट्टा पसरला, मग एका बाजूनं झिजलेला चंद्र वर आला.

“आला हो,” नाना म्हणाले. हळूच. मला नाही, बाईंनाही नाही.

हात जोडून झाल्यावर त्यांनी एक गोळा तोंडात टाकला, चावून बघितला. “मोदकच आहे. सारण घालायचं विसरल्या.” मी हे बाईंना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की सुलभा आतून धावत आली. त्या रात्री नाना पोटभर जेवले, भात दोनदा घेतला. सुलभानं मला डोळ्यांनी खूण केली : जिंकलो.

दुसऱ्या दिवशी बंदरावरचा सकाळचा बाजार बघून परत निघालो. गाडीत मी झोपलो. गुडघ्यांनी दोन दिवस मला माफ केलं नाही.

घरी आल्यावर चहा घेताना सुलभानं विचारलंच, “मग नाना, पुढच्या वर्षी येणार ना?”

“नाही गं,” ते म्हणाले. “छान झालं सगळं. पण आमची गच्ची वर्षभर झाडलेली नाही. संकष्टीला तिथे कुणी तरी हवं.”

सुलभा कपबशा घेऊन आत गेली. मी वाद घातला नाही. आयुष्यभर माणसांना माल विकला, नकार कधी पक्का असतो ते ऐकू येतं. त्यांना बाहेर काढायला समुद्रापर्यंत गेलो, आणि ते निघाले ते घराकडे. उपासाच्या पोटी उंबरा ओलांडून गच्चीपर्यंत जाणार असतील, तर तेवढं अंतरही कमी नाही.

नाना परत गेल्यावर मी दुकानातले आमचे जुने सहकारी मोरी-सान यांना म्हणालो, “जानेवारीत पंधरा दिवस तुम्हीच सांभाळा.” इतकी वर्षं बरोबर काम करतात, मी असं कधी म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

“परत समुद्रावर?”

“नाही. मिरजेला.”

“तिथे बघण्यासारखं काय आहे?”

“थोरला भाऊ,” मी म्हटलं.