दुसरा भाग, पहिला न बघता

माझ्या भाचीला बघायला आलेला मुलगा राहुरीचा. माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. पोहे झाले, चहा झाला, दोन्हीकडच्यांनी एकमेकांच्या चर्चमधल्या ओळखी काढल्या. माझ्या भावाच्या मनानं होकार दिलेलाच होता. रविवारी उपासना झाली की मुलाच्या वडिलांना फोन करायचा, एवढंच उरलं होतं. भाची मात्र अजून हो म्हणाली नव्हती. तेव्हा मुलानंच सुचवलं, शनिवारी नगरला एखादा सिनेमा बघू. दोघांनी एकटं जाणं भावाला पटेना, म्हणून सोबतीला मुलीची आत्या, म्हणजे मी. इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई दुपारी मोकळीच असते, असा सर्वांचा समज आहे.

रिक्षात भाची म्हणाली, "आत्या, तू एकच बघ. हा पप्पांसारखा आहे का."

माझा भाऊ वाईट माणूस नाही. त्याला फक्त सगळं माहीत असतं. पाळकांना तो त्यांचाच उपदेश चर्चच्या पायरीवर समजावून सांगतो. वहिनीचा गुडघा दुखतो कसा, ते वहिनीला सांगतो. वहिनी लग्न झाल्यापासून "हो का" एवढंच म्हणत आली आहे. भाची त्या "हो का"ला घाबरते. स्वतःच्या तोंडून कधी तो निघेल याला.

मुलगा थिएटरच्या दारात उभा होता. "सलाम, आत्या," म्हणाला. आमच्या चर्चमधला हा जुना नमस्कार ऐकून मला बरं वाटलं; हल्लीची मुलं नुसता हात हलवतात. भावाच्या सूचनेप्रमाणे मी दोघांच्या मधे बसले. माझ्या चष्म्यावर आणखी एक काळा चष्मा चढवण्यात आला आणि अंधार झाला.

सिनेमा अचाट शक्तीच्या माणसाचा होता, आणि दुसरा भाग होता. हे मला सुरू झाल्यावर कळलं. मी वाचणारी बाई आहे. गोष्ट मधूनच सुरू झाली तरी दोन पानांत कोण कोणाचा ते लागतं, असा माझा अनुभव. इथं अर्धा तास गेला तरी लागेना. करड्या सुटातला एक गृहस्थ नायकाचा बाप असावा असं मी धरून चालले होते. त्यानं नायकाला इमारतीवरून खाली टाकलं, तेव्हा मी नातं बदललं. मग दारात नुसतं कोणीतरी येऊन उभं राहिलं आणि सगळं थिएटर शिट्ट्या मारायला लागलं. त्या माणसानं तोवर काही केलेलं नव्हतं. आमच्याकडे पुढारी मांडवात शिरताना असंच होतं, त्यामुळे मी फार मनावर घेतलं नाही.

पुढे समजलं की हा मागच्या भागात मेलेला होता. तो जिवंत होऊन आला आणि कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. मी जन्मापासून चर्चमध्ये जाते; आमच्याकडे एका पुनरुत्थानावर इतकी शतकं चालली आहेत. इथं मध्यंतरापर्यंत तिघं उठले.

मध्यंतरात मुलगा समोसे आणि पॉपकॉर्न घेऊन आला. मी त्याला साधाच प्रश्न विचारला, "ती काळ्या कपड्यातली बाई नक्की कोणाच्या बाजूची?"

"सांगतो ना," म्हणाला, आणि वळून बसला. त्यानं पॉपकॉर्नचे दाणे खुर्चीच्या हातावर मांडले. हा नायक. ही बाई. हा तिचा भाऊ, म्हणजे तसा सख्खा नाही. हे दुसरं जग. पहिल्या भागात काय झालं, ते व्हायच्या आधी काय झालं होतं, आणि ते खरं तर झालंच नव्हतं. बोलताना उजव्या हाताची दोन बोटं तो हवेत धरत होता, थेट माझ्या भावासारखी. मी भाचीकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

ती म्हणाली, "हो का."

समोसा मला गोड लागेना.

उत्तरार्धात एक शहर जमीनदोस्त झालं. ते कोण आवरणार, याबद्दल कुणी काही बोललं नाही. नायकाची आई एका पुलावर अडकली होती. नायक आकाशात होता. त्याला एका क्षणात समुद्र ओलांडता येतो, हे आधी दोनदा दाखवून झालं होतं. तरी तो गेला नाही आणि आई गेली. मग तो पावसात उभा राहून ओरडला. थिएटरमध्ये नाकं ओढल्याचे आवाज आले.

भाची माझ्या मांडीवरून पुढे वाकली. "त्यानं आईला का नाही वाचवलं? पोचला असता की."

मुलगा तिच्याकडे वळला. मी मनात त्याचे दाणे मांडायला लागले. आता दुसरं जग येणार, सख्खा नसलेला भाऊ येणार. पडद्यावर एक विमान पडलं, मग आणखी एक.

"मला न्हाई माहीत," तो म्हणाला. घाईत घरची बोली आली असावी. थोड्या वेळानं परत वाकला. "पहिल्यातबी त्यानं असंच केलं होतं. मला तेव्हाही कळलं नव्हतं."

"मग आवडतो कशाला?"

"लहानपणापासून बघतोय म्हणून. चांगला आहे का, ते... एवढ्यावरून सांगता नाही येणार."

"मग प्रयोगशाळेत पाठवा त्याला," भाची म्हणाली.

तो हसला. मोठ्यानं हसला, आणि पडद्यावर अंत्यविधी चालू होता. मागून कुणीतरी खेकसलं, "ओ भाऊ, इथं मयत चाललंय!" त्यावर भाचीही हसली. मी मधे. दोघांचं हसू माझ्या डोक्यावरून जात होतं आणि सिनेमाही.

शेवटी नावं वर सरकायला लागली, दिवे लागले, मी पर्स घेऊन उठले. एकटीच. "ओ काकू, बसा की खाली, अजून हाय!" मघाचाच आवाज. मी बसले. बऱ्याच नावांनंतर कोणीतरी एक पेटी उघडली, आत निळा उजेड होता, टाळ्या पडल्या, संपलं. पेटीत काय होतं ते मी विचारलं नाही. मुलानंही सांगितलं नाही. ही एक गोष्ट मी त्याच्या बाजूनं मनात लिहून ठेवली.

परतताना रिक्षात भाची म्हणाली, "बोल."

"सिनेमा मला कळला नाही."

"आत्या!"

"मध्यंतरात मला तुझे पप्पाच दिसले," मी म्हटलं. "नंतर नाही दिसले. यातलं खरं कोणतं, ते एका दुपारीत मला तरी ठरवता येत नाही."

"मलापण नाही," ती म्हणाली, आणि तिला त्याचं बरं वाटल्यासारखं दिसलं. मला कारण कळलं नाही. त्या दिवशी कळलं नाही अशा गोष्टींत आणखी एक.

घरी भाऊ दारातच होता. असले सिनेमे का काढतात, ते त्यानं आम्हाला चपला काढेपर्यंत सांगितलं. त्यानं तो पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्याच्या सांगण्यात गोंधळ अजिबात नव्हता. मग भाचीला म्हणाला, "चला, म्हणजे उद्या हो कळवतो."

"नका कळवू. अजून ठरलं नाही माझं."

"ठरलं नाही म्हणजे? बघून आलीस ना?"

"पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा भेटणार आहोत. दोघंच. मी त्याला सांगितलंय तसं."

हे कधी सांगितलं? मी मधे बसले होते. बहुधा पेटी उघडत होती तेव्हा.

भाऊ माझ्याकडे वळला. "ताई, तू सोबत होतीस. मुलगा कसा आहे?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर येऊन उभी राहिली. भावानं दोन बोटं वर उचलली, कुणीच काही विचारत नाही हे पाहून खाली घेतली. फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि तसाच थांबला.

"मग त्यांना मी काय सांगू?" त्यानं मुलीला विचारलं.

"सांगा, तिला अजून वेळ हवाय."

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर त्यानं फोनवर तेवढंच सांगितलं. एक शब्दही वाढवला नाही. मी शेजारी होते म्हणून, नाहीतर माझा विश्वास बसला नसता.