मऊ भाकरीचं गाव

कुणी प्रवासाला निघालं की सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या भाकरीवाल्या मावशी "कुठं चाललात?" असं कधी विचारायच्याच नाहीत. त्यांचा प्रश्न एकच, "किती लांब?" त्यावर भाकरी ठरायची. जवळ असेल तर मऊ, तव्यावरून उतरलेली, फडक्यात गुंडाळून. लांब असेल तर कडक, महिनाभर टिकणारी. सगळी दुनिया त्यांनी अशी दोन भागांत वाटून टाकलेली. बार्शी मऊ भाकरीचं गाव, अक्कलकोटही मऊचं. मुंबई मात्र कडकचं. आणि नेमका मुंबईतच त्यांचा एकुलता एक दत्ता नोकरीला.

दिवाळीला यायचा तेव्हा ताटावर बसून मऊ भाकरी खायचा, तेवढीच. एरवी त्याच्या नावानं कडक भाकऱ्यांचा डबा जायचा. "दात पडतील की माझ्या लेकराचं," मावशी म्हणायच्या.

मग काय झालं, सोलापुरातून मुंबईचं विमान सुरू झालं. मला लेकीकडं जायचं होतं. मी मावशींना म्हटलं, "तासाभरात पोचतं म्हणे. आणि अंतरही रस्त्यापेक्षा कमी, सरळ जातं ना."

"मंग रस्ता येवडा वाकडा कुनी केला गं?" मावशी थांबल्या, आणि एकदम चेहरा उजळला. "तासाभराचं म्हंजी मुंबई मऊ भाकरीचं गाव झालं की!"

निघताना ऊन ऊन भाकऱ्या माझ्या हातात. "मांडीवरच ठिव बग. दत्ताला दे."

आता मावशींनी हिशेब धरला तो फक्त हवेतला. आधी जाऊन बसावं लागतं, तपासणी असते, ते त्यांना कुठलं ठाऊक? उतरल्यावर मुंबईतल्या गर्दीतच उडण्यापेक्षा जास्त वेळ गेला. दत्ता ऑफिसातून माझ्या लेकीकडं आला तेव्हा दिवेलागण झालेली. भाकरीच्या कडा वाळलेल्या. त्यानं उभ्या उभ्याच शेंगाचटणीबरोबर सगळी खाल्ली. म्हणाला, "काकू, आईला सांगा, मऊ होती."

मी परत येऊन तसंच सांगितलं. मावशी हसल्या. "खोटं बोलतंय गं. पन खाल्ली न्हवं समदी?"

"सगळी."

"मंग झालं."

तेव्हापासून विमानाचा आवाज आला की हातातली भाकरी तशीच टाकून मावशी अंगणात यायच्या. पिठाचा हात कपाळावर धरून वर बघायच्या. "चाललं बग. जरा थांबलं असतं तर दोन भाकऱ्या दिल्या असत्या."

या थंडीत मावशी गेल्या, झोपेतच. दत्ता त्याच विमानानं आला. तेरावं झाल्यावर निघाला तेव्हा बॅग खांद्याला लावून उंबऱ्यातच उभा राहिला. हलेचना. कशासाठी थांबलाय ते मला उमगलं.

मी विचारलं, "किती लांब, बाळा?"

"तासाभराचं आहे, काकू," तो म्हणाला. विझलेल्या चुलीकडं बघितलं त्यानं. "पण आता लई लांब झालं."

फळीवरच्या डब्यात मावशींच्या हातच्या कडक भाकऱ्या उरल्या होत्या. त्या मी त्याला बांधून दिल्या.