आईची नवीन खुर्ची

मंडळी, आज सकाळपासून मी एका खुर्चीवर जळून राहिलो.

खुर्सीपार वस्तीत माहं वेल्डिंगचं दुकान आहे. घरातलं सगळं फर्निचर माह्याच हातचं, लोखंडी. आईची खुर्ची तर मी खास मजबूत बनवली होती.

आज धाकटी बहीण सासरच्या गावाहून आली, सोबत आईसाठी एक खुर्ची घेऊन. जंगलात घाणेरीची झुडपं माजतात ना, ढोरंही ज्याले तोंड लावत नाहीत, त्याच्या काड्यांची. आधी ती तोडून जाळून टाकत. आता गावातल्या बाया त्याच काड्या उकळतात, सोलतात, वाकवतात, आणि त्या खुर्च्यांवर त्यांचं घर चालते.

आई बसली, उठली, आणि खुर्ची स्वतःच उचलून अंगणात घेऊन गेली. "किती हलकी आहे रे," म्हणे, "मले कोणाले हाक मारा लागत नाही."

माही खुर्ची हलवाले दोन माणसं लागतात.

आई जेवाले उठली तेव्हा मी ती खुर्ची उलटी करून पाहिली. एखादा जोड ढिला सापडन म्हटलं. नाही सापडला.

जाताना बहीण म्हणे, "भाऊ, काड्या उकळाले मोठी टाकी पाहिजे. तूच बनवून दे. दुसऱ्यांची गळते."

मी हो म्हटलं.

आता संध्याकाळ झाली. आई अजून अंगणात त्याच खुर्चीत बसून आहे. माह्या खुर्चीवर तिनं धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवल्या आहेत.

खरं सांगा, तुम्ही बनवली असती का टाकी?