फिरून आल्यानंतरचं माप

माझी लग्नातली अंगठी साधी आहे, बिनखड्याची. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर फिरून आलो की ती बोटात फिरेनाशी होते. चहा, पेपर, आंघोळ होईपर्यंत पुन्हा सैल पडते. हे मी कित्येक वर्षं बघत होतो, पण त्यावर विचार करायची वेळ कधी आली नव्हती. ती आली मुलीचा साखरपुडा ठरल्यावर.

होणारा जावई पुण्याला नोकरी करतो. एका रविवारी तो नाशिकला आला आणि आम्ही तिघं, म्हणजे तो, मुलगी आणि मी, पांडवलेणीवर गेलो. ऊन चढायच्या आत वर पोचायचं म्हणून भरभर चढलो आणि तसेच उतरलो. त्याला लगेच पुण्याला परतायचं होतं. जाता जाता अंगठीचं माप देऊन टाकू, असं ठरलं आणि आम्ही पायथ्यापासून थेट सराफाकडे गेलो. सराफांनी मापाच्या रिंगांचा जुडगा काढून एकेक रिंग त्याच्या बोटात घालून पाहिली.

"एकवीस. अगदी फिट्ट."

पावतीवर एकवीसच लिहिलंय ना, हे मी दोनदा बघून घेतलं. आकड्यांच्या बाबतीत मी कुणावर सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी फिरून आलो. साबणाने हात धुताना अंगठी नेहमीसारखी अडली आणि माझा हात तसाच नळाखाली राहिला. माझं बोट फुगतं, तर काल त्याचंही फुगलं असेल की नाही? तसं असेल, तर ऐन साखरपुड्यात अंगठी ढिली होणार. आणि ती खड्याची होती. एकदा खडा बसवला की माप कमी करायचं काम किचकट होतं, हे सराफांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

मी मोजायचं ठरवलं. फिरायला जाण्याआधी बोटाला दोरा गुंडाळून खूण केली, आल्यावर पुन्हा केली आणि दोन्ही दोरे पट्टीवर धरले. 

"अहो, सकाळी सकाळी बोटाला दोरा कसला? कुणी गंडा बांधलाय की काय?" बायकोने विचारलं.

"दोन मिलिमीटरचा फरक आहे."

"कशात?"

"माझ्यात."

ती पोहे परतायला निघून गेली.

अंगठीच्या मापात एक नंबर म्हणजे घेरात एक मिलिमीटर. म्हणजे माझं बोट तासाभराच्या चालण्यात दोन नंबरांनी वाढत होतं. मग मी एक दिवस उजवा हात नेहमीसारखा खाली सोडून आणि डावा डोक्यावर ठेवून चाललो. ट्रॅकवर रोज भेटणारे एक गृहस्थ ओरडले, "काय साहेब, अर्धंच सरेंडर?" पण वर धरलेल्या हाताची बोटं जवळपास होती तेवढीच राहिली. खालचा हात मात्र फुगला होता.

पंचवटीत आमचे जुने डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे दोन्ही दोरे घेऊन गेलो. ते हसले, पण समजावून सांगितलं. चालताना रक्त स्नायूंकडे, हृदयाकडे जास्त धावतं. त्यामुळे हात थंड पडू शकतात आणि मग तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यात हात खाली लोंबत असतात, म्हणून बोटं फुगतात. बहुतेकांना होतं.

"म्हणजे आजार नाही?"

"सूज उतरली नाही, चेहरा सुजला किंवा दम लागला, तर या. एरवी अंगठी घरी ठेवून फिरा. मधून मधून हात गोल फिरवा, बोटं ताणा."

"आणि जावयाचं बोट?"

"ते तुमचं तुम्ही बघा," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन सराफांना फोन केला. खडा दुसऱ्या दिवशी बसणार होता. त्यांना एक दिवस थांबवलं आणि जावयाला फोन लावायचा म्हटला, तर बायको म्हणाली, "जावयाला आपणहून पहिल्यांदा फोन करताय, आणि विचारणार काय, तर बोट केवढं?"

तेच विचारलं. तो बिचारा ऑफिसात होता.

"काका, बोट तर सकाळपासून माझ्यासोबत इथेच बसलंय."

"उत्तम. बसलेलंच पाहिजे. दोरा घ्या. सांध्यावरून निघाला पाहिजे, पण फार ढिला नको."

थोड्या वेळाने पट्टीवर धरलेल्या दोऱ्याचा फोटो आला. हिशेब एकोणीसचा बसत होता. मी सराफांना एकोणीस सांगितलं.

"नक्की ना? नंतर आमच्या नावाने ओरडू नका," ते म्हणाले.

"नक्की," मी म्हणालो.

साखरपुड्याच्या दिवशी जावयाच्या मित्रांनी हॉलच्या दाराशी नाशिक ढोल आणला आणि त्याला मनसोक्त नाचवलं. तो घामाघूम होऊन पाटावर बसला. मुलीने अंगठी पुढे सरकवली. ती सांध्यापाशी अडली. तिने जरा जोर लावला, मग माझ्याकडे बघितलं.

"माप कुणी दिलं होतं?" विहीणबाईंनी विचारलं.

"ह्यांनी," बायको म्हणाली. "दोऱ्याने."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पुढे झालो आणि जावयाला म्हणालो, "हात वर करा. सरळ, डोक्याच्या वर. मूठ उघडा, मिटा."

त्याने केला. मागून मित्र ओरडले, "सर, मे आय कम इन?" हॉलभर हशा पिकला. गुरुजी शांतपणे म्हणाले, "मुहूर्त आहे अजून. राहू द्या वर." कुणीतरी थंडगार पाण्याची बाटली आणून दिली, ती त्याने बोटांत धरली. त्या काही मिनिटांत मी दोनदा मनात हिशेब तपासला. एकोणीसच येत होतं.

मग त्याने हात खाली घेतला, मुलीने अंगठी पुन्हा लावली आणि ती सांध्यावरून जराशी थबकत आत गेली.

जेवणं आटोपल्यावर तो हात धुऊन माझ्याशेजारी येऊन बसला. ओला हात दोनदा जोरात झटकला. अंगठी जागची हलली नाही.

"काका, एकवीस असती ना," तो म्हणाला, "तर आत्ता आपण सगळे बेसिनच्या नळीत शोधत असतो."